अठरा वर्षांची आकडी

आमचा मळा पुणतांब्याच्या रेल्वे फाटकाला लागून. फाटकापलीकडे रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या चार खोल्या होत्या आणि शेवटच्या खोलीत सहादूकाका राहायचे. त्यांची मुलगी प्रज्ञा माझ्याच वयाची. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो, पण ते काही नुसत्या मैत्रीमुळे नव्हे. शाळेत नाव घातलं त्या दिवशी तिच्या आईनं, भिमामावशीनं, बाईंना सांगून ठेवलं होतं की पोरीला फेफरं आहे. बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि मला उठवून तिच्याशेजारी बसवलं. "धनश्री, तू अंगानं थोराड आहेस. हिला काही झालं तर घट्ट धरायचं आणि कांदा हुंगवायचा." तेव्हापासून सातवीपर्यंत माझ्या दप्तरात एक कांदा असायचा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी तो बुक्कीनं फोडून भाकरीबरोबर खायचो आणि दुसऱ्या दिवशी मी नवा आणायचे. हुंगवायची वेळ एकदाही आली नाही.

फेफऱ्याची हकिगत भिमामावशीच्या तोंडून मी शंभरदा ऐकली होती. प्रज्ञा दीड वर्षाची असताना पहिल्यांदा तिचे डोळे फिरले, हातपाय वाकडे झाले. तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून गोष्ट घरातच राहिली. दुसऱ्यांदा ती तीन वर्षांची होती आणि नेमकं भर आठवडे बाजारात, मावशीच्या कडेवर असताना तसंच झालं. निम्म्या गावानं पाहिलं. कोणी चप्पल नाकाला लावली, कोणी तोंडावर पाणी मारलं. पोरगी शुद्धीवर आली, पण त्या दिवसापासून ती फेफऱ्याची पोर झाली. एक-दोघांनी तर असंही सुचवलं की धर्म बदलून घरातले देव सोडले त्याचं हे फळ. सहादूकाका मोजकं बोलणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "पोरीला ताप देव देत न्हाई आन् नेतबी न्हाई." गंडादोरा त्यांनी कधी बांधू दिला नाही. पण बायकोच्या धास्तीपुढे त्यांचंही काही चाललं नाही.

मग प्रज्ञाला विहिरीवर जायची बंदी झाली. नदीला जायची बंदी. चुलीपुढे बसायचं नाही, झाडावर चढायचं नाही, सायकलला तर हातही लावायचा नाही. पंचमीला आमच्या लिंबाला झोका बांधला की ती खाली उभी राहून आम्हाला झोके द्यायची. इतक्या जोरात द्यायची की आम्ही वर ओरडायचो आणि ती खाली हसायची. घरी ओट्यावर हसली तरी ते फाटकाच्या अलीकडे आमच्या गोठ्यात ऐकू यायचं. दुखणाईत माणसाचा चेहरा तिला कधी जमलाच नाही.

बारावीला तिला आमच्या सगळ्यांत जास्त मार्क पडले. डी.एड.चा फॉर्म भरला, नगरच्या कॉलेजात नंबरही लागला. पण तिथं वसतिगृहात राहायला लागणार होतं. "तिथं आकडी आली तर कोन बघंल तुला?" असं म्हणून मावशी रडायला लागली. काकांनी प्रवेशाच्या पत्राची घडी घालून ट्रंकेत ठेवली. प्रज्ञा दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं खोलीपुढच्या ओट्यावर एक पोतं अंथरलं आणि गँगमनची, मळ्यांवरच्या सालगड्यांची पोरं गोळा करून शिकवायला बसली. गाडी आली की आवाजानं धडा थांबायचा, म्हणून तिनं गाडीचाच तास करून टाकला. मालगाडी आली की सगळ्यांनी डबे मोजायचे. चुकलं त्यानं पाढा म्हणायचा. त्या पोरांना बेरीज येण्याआधी साठपर्यंत आकडे पाठ झाले होते.

लग्नाचंही तेच. दोन ठिकाणची माणसं तिला बघायला आली. दोन्ही वेळा स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं त्यांच्या कानात काही घातलं आणि ती घरी पोचायच्या आधीच मागं फिरली. प्रज्ञा म्हणायची, "माझ्या पाव्हन्यांना परतीची गाडी लगीच मिळते." आम्ही हसायचो. मावशी मात्र पदर तोंडाला लावून आत जायची.

१९९५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी आठ दिवस माहेरी आले होते. प्रज्ञाचा भाऊ चेतन कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात कामाला होता. त्याची बायको सीमा त्या दिवशी कांदे काढायला गेली होती. त्यांचा सुमेध सतरा महिन्यांचा. दोन दिवस त्याचं नाक वाहत होतं, खोकला होता. गावात तेव्हा घरोघर सर्दी-खोकल्याची साथ होती, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला मी प्रज्ञाच्या ओट्यावर गप्पा मारत बसले होते. पोरं पाटीवर लिहीत होती. सुमेध आत्याच्या मांडीवर पेंगत होता. ती म्हणाली, "धने, हात लाव बरं. मघापेक्षा लई तापलाय का?"

मी हात पुढं करते तोच त्याचं अंग ताठ झालं. बुबुळं वर गेली. मग दोन्ही हात, दोन्ही पाय झटके द्यायला लागले आणि ओठ निळसर पडले. त्याच वेळी मनमाडकडून आलेली मालगाडी सिग्नलमुळे सावकाश फाटकात शिरत होती. भिमामावशी दारात आली, तिनं एकदाच नातवाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून खाली बसली. "आलं गं माझ्या घरात परत," एवढंच ती म्हणत राहिली.

बायका धावल्या. एकीनं घरातून कांदा आणला. शेजारच्या गोजरबाई एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन आल्या. सुमेधच्या तोंडातून दूध आणि फेस यायला लागला होता. दूध घशात जाऊ नये म्हणून प्रज्ञानं त्याला पोत्यावर कुशीवर केलं आणि झबल्याचे बंद सोडले. गोजरबाई चमचा दातांत घालायला वाकल्या, तशी तिनं त्यांचा हात बाजूला केला.

"दातखीळ बसंल पोराची," गोजरबाई म्हणाल्या.

"बसू द्या काकू. नवे दात हायेत, मोडतील त्याचे."

ती कशी काय एवढी शांत राहिली हे मी नंतर तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "शांत कुठली, घाबरलेच हुते. पर मला पयल्यांदा दिसत हुतं, मला काय झालं हुतं ते."

मालगाडीचा शेवटचा डबा फाटकातून गेला आणि जरा वेळात झटके थांबले. सुमेध ढिला पडला. मावशीनं हंबरडा फोडला, तिला वाटलं संपलं. प्रज्ञानं त्याच्या नाकापुढं बोट धरलं आणि म्हणाली, "आई, झोपलाय गं तो. श्वास घेतोय."

तोवर कोणीतरी सहादूकाकांना रुळावरून बोलावून आणलं होतं. फाटकापाशी गावातल्या सूर्यभानचा टेम्पो उभा होता, पेरूच्या क्रेट भरून. त्यानं काही न विचारता मागच्या चार क्रेट उतरवून आमच्या बांधावर ठेवल्या आणि आम्हाला जागा केली. काका, मावशी, पोराला घेतलेली प्रज्ञा आणि मी. कोपरगावला पोचेपर्यंत मावशीनं डोळे उघडले नाहीत. अर्ध्या वाटेत सुमेध जागा झाला, थोडा रडला, आणि मग त्यानं क्रेटच्या फटीतून एक पेरू ओढून काढायचा प्रयत्न सुरू केला. पेरू निघेना तसा चिडून आणखी रडला. ते रडणं ऐकून काका पहिल्यांदा हसल्यासारखे झाले.

कोपरगावात मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी पोराला नीट तपासलं. ताप मोजला, तो एकशे तीन होता. घसा बघितला, कानांत बॅटरी टाकली, छाती ऐकली, मान पुढं वाकवून पाहिली. सुमेधनं त्यांची नळी धरून ठेवली, ती त्यांनी खेळायला दिली.

"किती वेळ झटके येत होते?"

"अर्धा तास," मावशी म्हणाली.

"न्हाई," प्रज्ञा म्हणाली. "मालगाडी फाटकात शिरली तवा सुरू झालं, आन् ती गेल्यावर जरा वेळानं थांबलं. अठ्ठावन्न डबे हुते. माझ्या पोरांनी मोजलेत."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. काकांनी हिशोब केला. सगळं आयुष्य त्यांचं गाड्या बघण्यात गेलेलं. "सिंगलला हळू असती ती. दोन मिंटं. लई तर अडीच."

"छान सांगितलंत," बाई म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. दोन्ही हातपाय सारखेच हलत होते? आणि नंतर झोपला?"

प्रज्ञानं सगळं सांगितलं. तोंडात काही घातलं नाही, कुशीवर केलं, हेही सांगितलं. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोनी न्हाई. दूध घशात जाईल असं वाटलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सर्दी-खोकल्याचे साधे विषाणू, त्यातून चढलेला ताप, आणि त्या तापात आलेली आकडी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना अशी येते. दिसायला भयंकर दिसते, पण पाच मिनिटांच्या आत थांबली आणि पोर पुन्हा शुद्धीवर येऊन खेळायला लागलं, तर त्यानं मेंदूला इजा होत नाही. पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येऊ शकते, तिघांत एकाला येते. तेव्हा आज केलंत तेच करायचं, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांवर गेली तर मात्र एक क्षण न थांबता दवाखाना गाठायचा. मोठं झाल्यावर बहुतेक मुलांची ही आकडी आपोआप बंद होते. एवढं बोलून त्यांनी कागद पुढं ओढला.

"घरात आणखी कोणाला लहानपणी असं झालं होतं का?"

मावशीनं मान खाली घातली. काका खिडकीबाहेर बघायला लागले. आता प्रज्ञाला फेफऱ्याचं पुन्हा सगळ्यांसमोर बोलावं लागणार होतं.

"मला," प्रज्ञा म्हणाली. "मला फेफरं हाय."

"कधीपासून?"

"दीड वर्साची असताना. मग तीन वर्सांची असताना."

"आणि शेवटचं कधी आलं?"

"तेच. तीन वर्सांची असताना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मावशीकडे वळून विचारलं, "तेव्हा हिला ताप होता का?"

"व्हय," मावशी म्हणाली. "दोन्ही बारीला व्हता की. नाक गळत हुतं, अंग भाजत हुतं. औषीद आनायलाच तर बाजारात गेल्ते मी तिला घिऊन."

"त्यानंतर एकदाही नाही? काही गोळ्या चालू आहेत?"

"न्हाई. एक कंपाउंडर हुता, त्यानं एक बाटली दिल्ती. तेवढीच."

"आता वय काय हिचं?"

"एकवीस पुरं."

बाईंनी प्रज्ञाला हात धरून आपल्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. आणखी बरेच प्रश्न विचारले, कधी भान हरपतं का, हातातून वस्तू गळून पडतात का, झोपेत काही होतं का. सगळ्याला उत्तर नाहीच होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे बघ, तुला तुझ्या भाच्यासारखीच तापातली आकडी आली होती. घराण्यात असते ती कधी कधी. तिसऱ्या वर्षी थांबली, आणि औषधाशिवाय अठरा वर्षांत पुन्हा आली नाही. तुला फेफरं नाही. कधी नव्हतंच."

मला वाटलं ती रडेल. मी तिचा खांदा धरायला हातही पुढं केला. पण ती तशीच बसून राहिली, जणू कोणीतरी अवघड गणित घातलं आहे आणि ती मनात ताळा करून बघते आहे. मग तिनं विचारलं, "म्हंजे मी सायकल चालवली तर चालंल?"

"येते का?"

"न्हाई."

"मग आधी शीक," बाई म्हणाल्या आणि पोराच्या हातातली नळी सोडवायला लागल्या.

तेव्हा ती हसली. तिचं ते फाटकापलीकडे ऐकू जाणारं हसू त्या लहान खोलीत मावेना. बाहेर बाकावर बसलेल्या बायका डोकावून पाहायला लागल्या. सुमेधही हसायला लागला. फक्त भिमामावशी रडत होती. "मीच गं तुला फेफरंवाली केली," ती म्हणाली. प्रज्ञानं तिच्या गळ्यात हात टाकून सांगितलं, "तू मला जपलं. आता सोड."

सोडणं मावशीला सोपं गेलं नाही. पुढच्या रविवारी सहादूकाकांनी गँगमधल्या एकाची सायकल मागून आणली. दांडीची, भली उंच. स्टेशनामागच्या मोकळ्या पटांगणात काकांनी मागून सीट धरलं आणि प्रज्ञा बसली. मीही तिथंच होते, मी सासरी जायचं आणखी चार दिवस पुढं ढकललं होतं. पहिल्याच फेरीत ती बाभळीच्या कुंपणात गेली. कोपर फुटलं, दंडात काटे घुसले. मावशी ओट्यावरून धावत निघाली, पण पटांगणाच्या कडेला येऊन थांबली. तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि तिथंच उभी राहिली. प्रज्ञा उठली, काटे उपटले, पुन्हा बसली. चौथ्या दिवशी काकांनी सीट सोडल्याचं तिला कळलंही नाही. स्टेशनाला वळसा घालून परत आली तेव्हा काका जिथल्या तिथं उभे होते आणि दोन्ही हात मागं बांधून आभाळाकडे बघत होते.

त्या संध्याकाळी ती सायकलनं स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यापुढं जाऊन थांबली. मी मागून चालत पोचले तेव्हा ती त्याला डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सुरुवातीपासून सांगत होती. तो ओशाळून कपबशा विसळत होता. "आता कोनी इचारलं तर हे सांगा," ती म्हणाली. "आन् नीट सांगा, अर्धवट नको." माझ्या माहितीप्रमाणे त्यानं ते इतक्यांदा सांगितलं की पुढं पुढं लोकच त्याला कंटाळले.

सुमेधला त्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा एकदा तापात आकडी आली. त्या वेळी प्रज्ञा घरी नव्हती, कारण जूनमध्ये ती पुन्हा फॉर्म भरून नगरला डी.एड.ला गेली होती. सगळं पाहिलं ते भिमामावशीनं. सीमा मला सांगत होती की सासूबाईंनी लेकराला कुशीवर केलं, जमलेल्या बायकांना खोलीबाहेर काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सुनेला म्हणाल्या, "तू काटा बघ. मी पोराला बघते." दीड मिनिटात थांबली. नंतर दवाखान्यात दाखवून आणलं ते वेगळं. आता आसपासच्या वस्तीवर कोणाच्या पोराला असं झालं की माणसं आधी मावशीकडे पळत येतात. ती त्यांना विचारते, ताप होता का, किती मिनिटं, आणि मग खडसावून कोपरगावला पाठवते. ताप नसताना आकडी आली म्हणून कोणी सांगितलं तर ती सगळ्यांत जास्त घाई करते. "ते दुसरं असतंय. त्याला गोळ्या असत्यात. लपवू नका," म्हणते.

डी.एड. झाल्यावर प्रज्ञाला शेवगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत नोकरी लागली आणि तिकडूनच स्थळ आलं. मुलगा योगेश, शेवगावच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. बघायला आले तेव्हा मी मुद्दाम गेले होते. पोह्यांच्या बशा ठेवून प्रज्ञा समोर बसली आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "मला लहानपणी तापात दोनदा आकडी आली होती. आता काही नाही. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. आता तुमच्या मुलाला लहानपणी काय काय झालं होतं ते सांगा."

योगेशच्या आईनं, रंगुबाईंनी, बशी खाली ठेवली आणि बोटं मोजायला सुरुवात केली. "गोवर निगाला हुता. खरूज झाल्ती, लई दिवस. एकदा कानात वाटाना गेल्ता, तो नगरला जाऊन काढला. आन् एकदा हिरीत पडला." मग लेकाकडे बघून म्हणाल्या, "दोनदा रं?"

"तीनदा," योगेश म्हणाला.

तिथंच लग्न ठरलं. वैशाखात पुणतांब्याला, स्टेशनामागच्या त्याच पटांगणात मांडव पडला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं दोघं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. वंदना चालू असताना एक्स्प्रेस धडधडत गेली आणि सगळा मांडव थांबून राहिला. फक्त ओट्यावरची जुनी पोरं बोटांवर डबे मोजत होती आणि नवरी त्यांच्याकडे बघून ओठांनीच आकडे म्हणत होती.

परवा तिचं पत्र आलं. शाळेला एकतीस पोरं आहेत, त्यातली नऊ ऊसतोडीला गेलेल्यांची, ती आजीपाशी राहिली आहेत. शाळेच्या दाराला तिनं स्वतः निळा रंग दिला, तो थोडा तिच्या साडीलाही लागला. तिला सहावा महिना लागला आहे. सासूबाई काही उचलू देत नाहीत आणि ती सगळं उचलते. शेवटी लिहिलं आहे, इकडच्या चिंचा पिठूळ निघाल्या, खाववत नाहीत. येशील तेव्हा तुमच्या बांधावरच्या दोन किलो तरी आण, आणि पिशवी नीट बांध, एस.टी.त सांडतील.